ऑपरेशननंतरचे शंभर दिवस : माझ्या नोंदी

१ डिसेंबर २०२४, रविवार

साइटवर मी रोज डीपीआर, म्हणजे दिवसाच्या कामाचा रिपोर्ट, लिहिते, किती काँक्रीट पडलं, ताकद तपासायचे किती क्यूब भरले, कोणता स्लॅब तराईत आहे, सगळं. आठ वर्षं झाली, हाताला सवयच लागली आहे. म्हणून ठरवलं की आपल्या ब्रेस्ट इम्प्लांटच्या ऑपरेशनचं पण तसंच लिहून ठेवायचं, तारीख टाकून. कारण गेले चार महिने मी मराठीत काही वाचायला मिळते का हे शोधून राहिली होती आणि मिळालं ते एक तर क्लिनिकची जाहिरात, नाही तर वाचवत नाही असलं घाणेरडं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पलंगावरून उठायचं कसं, हे कोणीच सांगत नाही.

माझी डावी बाजू नीट वाढलीच नाही. उजवी वाढली, डावी अर्ध्यावर थांबली. आता मी ३४ ची आहे. ज्या सर्जनकडे करून राहिली त्यांनी पहिल्याच भेटीत दोन्ही हात कमरेवर ठेवून जोरात दाबायला लावलं, छातीचा स्नायू दोन्हीकडे उठतो का ते बघायला. पोलंड सिंड्रोम म्हणून एक प्रकार असतो, १८४१ साली अल्फ्रेड पोलंडनी लिहून ठेवलेला, त्यात एका बाजूचा स्नायूच नसतो किंवा अर्धवट असतो. माझा आहे, दोन्हीकडे. म्हणजे फक्त वाढीतला फरक. सोनोग्राफी नॉर्मल.

त्याच्या आधी दुसऱ्या एका ठिकाणी गेली होती, तिथे तपासलंच नाही, सरळ पॅकेजचा कागद पुढे केला आणि "मॅडम करूनच राहिल्या तर मोठीच साइज घ्या" म्हणाले. मी उठून आली. माझा प्रश्न मोठं-लहान हा नव्हताच, दोन्हीकडे सारखं हा होता.

साइजसाठी घरी तांदळाचा प्रयोग केला. आईनी मलमलच्या दोन पिशव्या शिवून दिल्या, मापाच्या भांड्यानी तांदूळ मोजून भरले आणि ब्राच्या आत ठेवून दिवसभर घरात फिरली. ३०० मिली तांदूळ म्हणजे अंदाजे ३०० सीसी. शेवटी डॉक्टरांनी मापं घेऊन डावीकडे ३०० आणि उजवीकडे १६० ठरवलं. गोल, गुळगुळीत, सिलिकॉन जेलचं. गुळगुळीतच पाहिजे हे मी स्वतः विचारून घेतलं, कारण खरखरीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटभोवती बीआयए-एएलसीएल नावाचा लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर) सापडला, क्वचितच होतो पण होतो, आणि त्यावरून २०१९ मध्ये ॲलरगन कंपनीचे बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत मागवले होते.

इन्शुरन्स मिळत नाही. अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरचं असेल तर मिळते, नाही तर कॉस्मेटिक म्हणून बाहेर. एफडी मोडली.

१८ डिसेंबर, बुधवार

उद्या. अधिवेशन सुरू आहे, मोर्चे आहेत, सीताबर्डीकडचे रस्ते कधी बंद होतील सांगता येत नाही, म्हणून दादा म्हणाला पहाटे साडेपाचलाच निघू. हॉस्पिटल रामदासपेठेत, घर प्रतापनगरला, एरवी पंधरा मिनिटं.

घरातली तयारी: रोज लागणारं सगळं कमरेच्या उंचीवर आणून ठेवलं. वरच्या फळीवरचे डबे, आरशाच्या वरचा कंगवा, देवघरातली माचिस. समोरून बटणाचे चार गाऊन. चार उश्या आणि बैठकीतला लोड माझ्या पलंगावर. थंडीचे दिवस मुद्दाम निवडले, नागपूरच्या मे महिन्यात चोवीस तास घट्ट ब्रा घालून राहणं मला शक्य नव्हतं.

१९ डिसेंबर, गुरुवार (दिवस ०)

आईच्या फोनवर बोलून ठेवलं होतं, ते आता उतरवून राहिली आहे.

जाग आली तेव्हा छातीवर कोणी सिमेंटची गोणी ठेवली आहे असं वाटलं. कापल्यासारखं दुखत नव्हतं, दाब होता, श्वास अर्धाच जात होता. गळा खरवडल्यासारखा, तो नळीमुळे. दोनदा उलटी, मग इंजेक्शन दिलं. रात्री सिस्टर दर दोन तासांनी दोन्हीकडे हात लावून बघत होत्या, एकच बाजू एकदम फुगून कडक झाली तर आत रक्त साचून राहिलं असं समजायचं आणि लगेच परत ऑपरेशन थिएटरमध्ये न्यायचं. तसं काही झालं नाही.

२० डिसेंबर, शुक्रवार

सुट्टी झाली. गाडीत बेल्ट आणि छातीच्या मध्ये उशी ठेवली. आपल्याकडे सगळे रस्ते सिमेंटचे झाले आहेत पण त्यांचे जॉइंट आणि ते ब्रेकर, प्रत्येक ब्रेकरला दादा गाडी जवळजवळ थांबवत होता आणि तरी माझा हात आपोआप छातीवर जात होता. ज्यांना जमते त्यांनी येताना मागच्या सीटवर बसावं, उश्या टाकून.

२२ डिसेंबर, रविवार (दिवस ३)

आजचा दिवस सगळ्यात वाईट. आधी कामाचं लिहिते.

उठायचं कसं: हाताचा टेका द्यायचाच नाही. इम्प्लांटचा वरचा भाग छातीच्या स्नायूच्या मागे आहे आणि खालचा ग्रंथीच्या मागे, याला ड्युअल प्लेन म्हणतात, आणि हातानी काहीही ढकललं किंवा ओढलं की तोच स्नायू आवळतो. पाय पलंगाखाली सोडायचे, पोटावर जोर घ्यायचा, आणि पाठीमागून कोणीतरी तळहात लावून सरळ करायचं. हाताला धरून ओढायचं नाही. वहिनीनी काल प्रेमानी हात धरून उठवलं आणि मी ओरडली.

न जमणाऱ्या गोष्टी: कुकरचं झाकण, बाटलीचं बूच, फ्रिजचं दार, बादली, बाथरूमची कडी, पांघरूण वर ओढणं, केस. जमणाऱ्या गोष्टी: चमचा, मोबाइल, दात घासणं. दर दोन तासांनी घरातल्या घरात चालते, पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून. झोप पाठीवरच, लोडाला टेकून, अर्धवट बसल्यासारखी.

पोट चार दिवसांपासून साफ नाही. पेनकिलरनी होते, हे आधी सांगायला पाहिजे होतं. रात्री इसबगोल घेतला, सकाळी कोमट पाणी, आणि दुखायच्या जोराच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून कमी केल्या, आता फक्त पॅरासिटामॉल.

आणि मग दुपारी आरशात पाहिलं. दोन्ही बाजू गळ्याच्या हाडापर्यंत वर चढलेल्या, कडक, चामडी चमकून राहिली, डावी उजवीपेक्षा मोठी दिसून राहिली. आयुष्यभर डावी लहान होती, आता उजवी लहान. मी खूप रडली. आई आली, काही न विचारता डोकं तिच्या पोटाशी धरून उभी राहिली, मग म्हणाली, "काहून रडून राहिली वं, सूज उतरू दे ना आधी."

संध्याकाळी डॉक्टरांना फोटो पाठवला. म्हणाले डाव्या बाजूला जास्त जागा करावी लागली म्हणून सूज जास्त, तीन महिने कोणताही निर्णय घ्यायचा नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी असं रडू येणं नेहमीचं आहे, भूल आणि गोळ्या उतरत असतात. हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवायला पाहिजे कुठेतरी: तिसऱ्या दिवशी आरसा बघू नका.

२४ डिसेंबर, मंगळवार

ड्रेसिंग बघितलं. टाके आतून विरघळणारे, खालच्या घडीत साडेचार सेंटीमीटरची रेघ. निळंपिवळं खाली सरकत बरगड्यांवर आलं आहे, ते चांगलंच म्हणे.

एक विचित्र गोष्ट, हललं की आतून चुळचुळ आवाज येते, पाण्याची पिशवी हलवल्यासारखा. मी घाबरली होती की फुटलं. इम्प्लांटसाठी आत केलेल्या जागेत थोडी हवा आणि पाणी राहिलेलं असते, ते शरीर शोषून घेते.

डिस्चार्जच्या फाइलमध्ये इम्प्लांटचं कार्ड मिळालं. कंपनी, माप, सीरियल नंबर, दोन्हीचे वेगवेगळे. आम्ही साइटवर लोखंड उतरवलं की त्याचं टेस्ट सर्टिफिकेट आधी मागतो, तसंच हे. ज्यांनी केलं असेल आणि कार्ड नसेल त्यांनी आजच मागून घ्या, दहा वर्षांनी रिकॉल आला तर हेच कामी येईल.

२७ डिसेंबर, शुक्रवार

अंघोळ! आठव्या दिवशी. स्टुलावर बसून, वहिनीनी पाणी टाकलं.

२ जानेवारी २०२५, गुरुवार (दोन आठवडे)

केसांचं लिहायचं राहून गेलं होतं. हात खांद्याच्या वर न्यायची परवानगी नाही म्हणून रोज सकाळी आई वेणी घालून देते. मी खाली पाटावर, ती मागे खुर्चीवर. शाळेत असताना अशीच घालायची. तोंड दिसत नाही एकमेकींचं, म्हणून असेल, आज मी विचारलं, तुला कधी कळलं होतं?

ती म्हणाली, "नववीत होती तू. कपडे वाळत घालताना पाहिलं का डाव्या बाजूले कापड तसंच राहते, ताणत नाही."

आई घरी पिको-फॉल, ब्लाउज शिवायची. मला आठवते नववीपासून माझ्या युनिफॉर्मच्या आत डावीकडे कापसाचा एक थर शिवलेला असायचा. मग पंजाबी ड्रेसमध्ये, मग ब्लाउजमध्ये. दरवर्षी थोडा जाड. ती कधी बोलली नाही आणि मी कधी विचारलं नाही, मला वाटायचं तो कपडाच तसा असते, कॉलेजला जाईपर्यंत. एकाही पोरीला वर्गात कळलं नाही, इतकं ते बेमालूम होतं.

"तवाच डॉक्टरले दाखवाले पाहिजे होतं," ती म्हणाली. "पण मले वाटलं पोरीचं नाव होईल. म्हणून म्या कापूस लावला."

वेणी झाली होती तरी ती केसांतून कंगवा फिरवतच होती. मी म्हटलं, आई, तू लावला म्हणून मी शाळेत जाऊ शकली. नंतर दोघीही काही बोललो नाही. वहिनी चहा घेऊन आल्या.

तब्येत: सूज बरीच कमी. डाव्या निप्पलला काहीच कळत नाही, उजव्याला इतकं कळते की शाल लागली तरी झणझण होते. मधूनच वीज चमकल्यासारखी कळ जाते, एका सेकंदाची. नसा जाग्या होऊन राहिल्या त्याची ती कळ. सकाळी उठल्यावर छाती आवळून आलेली असते, अर्धा तास हळू फिरलं की सैल पडते.

९ जानेवारी, गुरुवार (तीन आठवडे)

डॉक्टरांना विचारलं टाक्याची जागा आता किती पक्की. म्हणाले तीन आठवड्यांनी जखमेची ताकद मूळ चामडीच्या जेमतेम पाव असते, तीन महिन्यांनी ८० टक्क्यांपर्यंत जाते, आणि पूर्ण शंभर कधीच होत नाही. माझ्या डोक्यात लगेच क्यूब आले. काँक्रीट सात दिवसांत दोन तृतीयांश ताकद पकडते, २८ दिवसांत पूर्ण. शरीर त्याच्यापेक्षा हळू आहे. आम्ही सात दिवसांत स्लॅबवर सामान ठेवू देत नाही आणि घरी मात्र बाया पंधराव्या दिवशी पाण्याची गुंडी उचलतात. मला अजून दोन-अडीच किलोच्या वर मनाई आहे.

रेघेवर सिलिकॉन जेल लावायला सुरुवात, दिवसातून दोनदा. ऑफिसचं काम घरून, दोन-तीन तास.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

आज जे झालं ते नीट लिहायला पाहिजे.

आईनी शेजारी सांगून ठेवलं होतं की छातीत गाठ होती, काढली. मला माहीत होतं, मीच म्हटलं होतं काहीही सांग. हळदीकुंकवाला बाया आल्या. मी लोडाला टेकून बसली होती, बाहेर पोट्टे पतंगीवरून ओरडत होते. समोरच्या काकू तिळगुळ देता देता एकदम रडायला लागल्या. त्यांच्या बहिणीला ब्रेस्टचा कॅन्सर होता, गेली ती. माझा हात धरून म्हणाल्या, "केमो किती सांगितले वो तुला?"

मला ते सहन झालं नाही. त्यांचं दुःख खरं होतं आणि मी ते खोट्यावर घेऊन राहिली होती. बाकीच्या बाया गेल्यावर त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि सांगितलं, काकू, गाठ नव्हती, मला कॅन्सर नाही, माझी एक बाजू जन्मापासून वाढली नव्हती म्हणून इम्प्लांट बसवलं. काकू बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मला वाटलं आता म्हणतील यासाठी कापून घेतलं का. त्या म्हणाल्या, "बरं झालं माय, गाठ नाही," आणि मग, "दुखलं का खूप?"

मी खरं सांगितलं, पहिले चार दिवस खूप, मग कमी.

आई रात्री रागावली, आता सगळ्या कॉलनीत होईल म्हणाली. होऊ दे. पोटातलं ऑपरेशन सांगताना आपण लाजत नाही. हे माझं अंग आहे, पैसे माझे आहेत, आणि ज्या बाईनी खरंच केमो घेतले तिची सहानुभूती मला नको.

१८ जानेवारी, शनिवार

काल अंघोळ करताना हाताला लागलं. डाव्या बाजूच्या खालून पोटाकडे जाणारी एक दोरी. खरंच दोरी, चामडीच्या खाली ताणलेली, हात वर केला की दिसते. दुखते पण. रात्रभर झोप नाही, फुटलं असेल, सरकलं असेल, काय काय मनात आलं.

सकाळी दाखवलं. डॉक्टरांनी बोटांनी चाचपलं आणि म्हणाले मोंडोर. फ्रेंच सर्जन होते आंरी मोंडोर, १९३९ मध्ये त्यांनी याचं वर्णन केलं. चामडीखालची बारीक शीर सुजून कडक होते, ऑपरेशननंतर काही जणींना होते, काही आठवड्यांत आपोआप जाते. सूज कमी करायची गोळी आणि कोमट शेक.

शेकाबद्दल: जिथे चामडी बधिर आहे तिथे गरम पिशवी ठेवायची नाही. कळतच नाही आणि भाजते. आधी मनगटावर लावून बघायची, टॉवेल गुंडाळायचा, पाच मिनिटं, बस.

३० जानेवारी, गुरुवार (सहा आठवडे)

आज स्वतःची वेणी स्वतः घातली. उजवा हात पूर्ण वर जाते, डावा थोडा अडकते. आई दारात उभी होती. "तेल मात्र रविवारी मीच लावीन," म्हणाली.

दोरी जवळजवळ गेली. ॲक्टिव्हा चालवायला हो म्हणाले, धावणं आणि जिममध्ये छातीचे व्यायाम नाही. दोन्ही बाजू खाली उतरून मऊ व्हायला लागल्या. आता आरशात बघते, रोज.

पुढचं विचारून घेतलं. इम्प्लांट जन्मभराचं नसते, कधी ना कधी बदलावं किंवा काढावं लागू शकते. शरीर त्याच्याभोवती पातळ आवरण करते, ते सगळ्यांनाच होते, पण काहींचं आवळून कडक होते, तेव्हा परत ऑपरेशन. सिलिकॉन आत फाटलं तर बाहेरून कळतच नाही बहुतेक वेळा, म्हणून अमेरिकेच्या एफडीएनी २०२० मध्ये सांगितलं की पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी. माझी पहिली २०३० पर्यंत. मॅमोग्राफीला गेलं की आधी सांगायचं इम्प्लांट आहे, ते मागे सारून वेगळे फोटो घेतात. मूल झालं तर अंगावर पाजता येईल का? बऱ्याच जणींना येते, पण हमी कोणी देत नाही, आणि माझ्या डाव्या बाजूला ग्रंथीच कमी आहे. हे ऐकून थोडा वेळ गप्प बसली. पण आधी कळलं हे बरं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

साइटवर पहिला दिवस, आणि नेमकी आजच जामठ्याला भारत-इंग्लंडची मॅच. वर्धा रोडवर गाड्याच गाड्या. शिडी चढली नाही, खालूनच पाहिलं. जॅकेट घालताना पहिल्यांदा डाव्या बाजूचा पट्टा ओढून बसवावा लागला नाही. दुपारी थकली, गाडीत वीस मिनिटं झोपली.

२९ मार्च, शनिवार (दिवस १००)

उद्या पाडवा. मेमध्ये मावसबहिणीचं लग्न, म्हणून गोकुळपेठेत ब्लाउजचं माप द्यायला गेली. तीन महिन्यांच्या आधी माप देऊ नका, ब्रा पण घेऊ नका, आकार बसत असतो तोपर्यंत, जानेवारीत घेतलेल्या दोन ब्रा वाया गेल्या माझ्या.

उकाडा सुरू झाला. खालच्या घडीत घाम येते, मऊ सुती कापड ठेवते. रेघ अजून गुलाबी आहे. डावीकडे संवेदना अर्धी परत आली, उरलेली यायला वर्षभर लागू शकते, नाही पण येणार कदाचित. झोपल्यावर दोन्ही बाजू अगदी सारख्या नाहीत. उभी राहिली की आहेत.

सकाळी निघताना आईला माझे जुने ब्लाउज दाखवले, डावीकडचा कापूस काढून देशील का विचारलं. तिनी एक हातात घेऊन शिवण उलटून पाहिली. "राहू दे," म्हणाली. "इतकं बारीक शिवलं आहे, उसवलं तर कापड जाईल. नवेच शिव." आणि घडी करून परत पेटीत ठेवले.

शिवणाऱ्या ताईंनी टेप लावला आणि माझ्या तोंडून सवयीनी निघालं, डावीकडे पॅड टाकाल ना. त्यांनी परत एकदा मोजलं. "कशाला ताई?"

छाती ३५, खालचा घेर ३०, शोल्डर साडेचौदा, उंची १४. कटोरी दोन्हीकडे एकच माप. ट्रायल १२ एप्रिलला.